सांध्यातलं रबर

गॅरेजमध्ये गाडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने एक वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. मेकॅनिक गाडीखालून बाहेर येतो, फडक्याला हात पुसतो आणि म्हणतो, “साहेब, बुश गेलेत.” आपण गंभीरपणे मान डोलावतो. बुश म्हणजे काय, ते कुठे असतात आणि ‘जातात’ म्हणजे त्यांचं नेमकं काय होतं, हे विचारायचं आपण टाळतो. बिल येतं, त्यात बुशच्या किमतीपेक्षा मजुरीच जास्त असते आणि विषय तिथेच संपतो.

आज मी तुमच्याशी याच बुशविषयी बोलणार आहे. मला तो विषय कळला तो मात्र जरा महागात पडून. १९९०च्या दशकाच्या अखेरीला नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहात होतो. तिथे मला एक हौस जडली. मी एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. एमजीबी. १९७२ची, मोहरीच्या रंगाची, दोन माणसांची, कापडी छताची. माझा पेशा इंजिनिअरचा, पण मोटारगाड्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यामुळे माझ्याकडे आत्मविश्वास भरपूर होता आणि माहिती बेताची. अशा माणसाच्या हाती पाना पडला की काय होतं, ते पुढे सांगतोच.

आधी बुश म्हणजे काय ते पाहू. चाक गाडीला थेट जोडलेलं नसतं. रस्त्यावरच्या खड्ड्याबरोबर ते वर-खाली व्हायला हवं, म्हणून ते दांड्यांच्या एका टोकाला बसवतात आणि दांड्यांचं दुसरं टोक गाडीच्या सांगाड्याला बिजागरीसारखं जोडतात. ही बिजागरी म्हणजे बुश. एकात एक अशा दोन पोलादी नळ्या घ्या आणि मधल्या फटीत रबर भरा. बाहेरची नळी दांड्याच्या डोळ्यात दाबून बसवलेली, आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळलेली. चाक वर-खाली झालं की मधलं रबर पिळलं जातं आणि पुन्हा मूळ जागी येतं. आपल्या गुडघ्यातल्या कूर्चेची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे. ती शाबूत असते तोवर तिची कुणाला आठवण नसते.

ही कल्पना इतकी साधी वाटते, की ती मोटारीच्या जन्मापासूनच असेल असं वाटावं. तसं नाही. सुरुवातीच्या मोटारींमध्ये या जागी पितळेसारख्या धातूची नळी आणि तिच्यात फिरणारी पोलादी खीळ असायची. धातूवर धातू घासणार, म्हणजे वंगण हवंच. १९२०च्या दशकातल्या गाडीच्या मालकाला किंवा त्याच्या ड्रायव्हरला दर पाचशे-हजार मैलांना ग्रीसची पिचकारी घेऊन गाडीखाली शिरावं लागे आणि एकेका सांध्यात ग्रीस भरावं लागे. एखादा सांधा चुकला की तो झिजायचा, खुळखुळायचा, धूळ आत गेली की आणखी लवकर खलास व्हायचा. शिवाय रस्त्यावरचा प्रत्येक धक्का धातूतून थेट आत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचायचा.

रबर तोवर नव्हतं का? होतं की. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरला १८३९मध्ये गंधक आणि उष्णता यांची किमया सापडली होती. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. गंधक मिसळून तापवलं की ते कायमचं लवचीक राहतं. स्टीफन मोल्टन नावाचा एक इंग्रज गृहस्थ १८४२मध्ये गुडइयरच्या या नव्या रबराचे नमुने इंग्लंडला घेऊन आला. ते नमुने थॉमस हॅन्कॉक या रबरातल्या जाणकाराने पाहिले, त्यांचा अभ्यास केला आणि इंग्लंडमधलं पेटंट गुडइयरच्या आधी स्वतःच घेऊन टाकलं. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन हे नाव दिलं हॅन्कॉकच्या ब्रॉकेडन नावाच्या मित्राने, रोमन लोकांच्या अग्निदेवतेवरून. बिचारा गुडइयर १८६०मध्ये वारला तो कर्जबाजारी अवस्थेत. आज टायरवर जे नाव आपण वाचतो ती कंपनी १८९८मध्ये निघाली. तिचा गुडइयरच्या घराण्याशी काही संबंध नव्हता, त्याच्या स्मरणार्थ तिने ते नाव घेतलं.

नमुने आणणाऱ्या स्टीफन मोल्टनने पुढे १८४८मध्ये ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावात लोकरीच्या एका बंद गिरणीत रबराचा कारखाना काढला. त्या कारखान्यातून रेल्वेच्या डब्यांसाठी रबरी स्प्रिंगा आणि धक्के झेलणारे रबरी भाग तयार होऊ लागले. म्हणजे आगगाडीला रबराची मदत मोटारीच्या कितीतरी आधी मिळाली. हे मोल्टन घराणं आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

मोटारीच्या सांध्यात रबर शिरलं ते १९२०च्या दशकात, फ्रान्समध्ये. दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये रबर ताणून, दाबून बसवलेला एक सांधा तिथे ‘सायलेंटब्लॉक’ या नावाने विकला जाऊ लागला. नावातच त्याचा गुण सांगितला होता: शांत ठोकळा. त्यात काहीच घासत नव्हतं, म्हणून वंगण नको, आणि धातू धातूला टेकत नव्हता, म्हणून आवाज नाही. आपल्याकडे वनस्पती तुपाला सगळे ‘डालडा’च म्हणत, तसं फ्रेंच भाषेत हे नाव आता कुठल्याही रबरी बुशसाठी वापरलं जातं. पुढे रबर धातूला नुसतं दाबून न बसवता पक्कं चिकटवण्याची युक्ती निघाली. पोलादावर पितळेचा पातळ थर दिला, की रबर भाजताना ते त्या पितळेला असं धरून बसतं, की नंतर ओढलं तर जोड सुटण्याऐवजी रबरच फाटावं. इंग्लंडमध्ये लेस्टर शहरातल्या मेटॅलास्टिक या कंपनीचं नाव अशा बुशसाठी गाजलं.

त्याच सुमारास अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३१मध्ये आपल्या प्लिमथ गाडीचं इंजिनच रबरावर बसवलं आणि त्याला ‘फ्लोटिंग पॉवर’ असं भारदस्त नाव दिलं. चार सिलिंडरचं इंजिन स्वभावतःच थरथरणारं. ती थरथर रबराने गिळून टाकली. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने लगेच त्याचे हक्क घेतले आणि आपल्या जाहिरातीत पाण्यावर तरंगणारा हंस दाखवला. गाडीत शांतता विकता येते, हे कारखानदारांना तेव्हापासून कळलं.

आता माझ्या एमजीबीकडे येतो. या गाडीचा पुढच्या चाकांचा सांगाडा मुळात एका साध्या घरगुती गाडीसाठी आखलेला होता. अलेक इसिगोनिस या तेव्हाच्या तरुण इंजिनिअरने मॉरिस कंपनीत असताना त्याची आखणी केली. दुसऱ्या महायुद्धामुळे ते काम लांबलं आणि १९४७मध्ये एमजीच्या वाय प्रकारच्या चार दारी गाडीत ते बाजारात आलं. पुढे तोच आराखडा थोड्याफार फेरफाराने एमजीच्या टीडी या स्पोर्ट्स कारमध्ये गेला, १९५५मध्ये एमजीएमध्ये आणि १९६२मध्ये एमजीबीमध्ये. इसिगोनिस स्वतः तोवर मॉरिस मायनर आणि मग १९५९ची जगप्रसिद्ध मिनी करून मोकळे झाले होते. त्या मिनीत पोलादी स्प्रिंगांच्या जागी रबराचे शंकू होते. ते शंकू तयार करणारा माणूस होता अलेक्स मोल्टन, म्हणजे १८४२मध्ये रबराचे नमुने इंग्लंडला आणणाऱ्या स्टीफन मोल्टनचा पणतू!

एमजीए आणि एमजीबी यांच्यात बुशच्या दृष्टीने एक महत्त्वाचा फरक होता. एमजीएला खाली वेगळी चासी होती आणि तिच्यावर बॉडी ठेवलेली होती. एमजीबीत चासी आणि बॉडी एकच, म्हणजे सगळा सांगाडा पत्र्याच्या एका पेटीसारखा. पेटी वजनाला हलकी आणि मजबूत, पण तिच्यावर टिचकी मारली तर ती ढोलकीसारखी वाजणार. चाकाचा खडखडाट त्या पेटीत शिरू नये म्हणून जागोजागी रबर होतं. पुढच्या चाकाचा खालचा दांडा जिथे जोडला जातो तिथे रबरी बुश. ते जोड ज्या आडव्या पोलादी तुळईवर आहेत, ती तुळई आणि बॉडी यांच्यात रबराच्या गाद्या. मागे पाट्यांच्या दोन्ही टोकांना रबर. एमजीबीचे पाटे बैलगाडीच्या काळातले म्हणून हसण्यासारखे वाटतील, पण तेच पाटे मागचा अवजड आस जागेवर धरून ठेवतात.

माझी गाडी घेतली तेव्हा पुढचे बुश गेलेले होते. म्हणजे रबर भेगाळलं होतं, एका बाजूला चेपलं होतं, आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. मी चौकशी केली. अनुभवी मंडळींनी सल्ला दिला, की साधे बुश न बसवता ‘व्ही-एट’चे बसव. १९७३ ते १९७६ या काळात एमजीने याच गाडीची साडेतीन लिटरच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची एक आवृत्ती काढली होती. जास्त ताकदीसाठी तिच्या पुढच्या दांड्यांना धातूच्या नळीत रबर पक्कं बसवलेले, जास्त दणकट बुश दिले होते. ते साध्या एमजीबीलाही बसतात. मी आणले, गाडी जॅकवर घेतली, दोन शनिवार खपून बसवले आणि नट अगदी करकचून आवळले.

पहिले काही आठवडे गाडी सुरेख चालली. पण वर्ष व्हायच्या आत पुन्हा तीच कथा. ब्रेकला ओढणं, वळणावर सैलपणा. खाली वाकून पाहिलं तर नवे बुश फाटलेले. मी निष्कर्ष काढला: रबर म्हणजे जुन्या जमान्याची कमकुवत गोष्ट. आता रबर नकोच.

त्या वेळी बाजारात एक नवी लाट होती, पॉलियुरेथेनची. लाल, निळे, पिवळे, जांभळे असे झगझगीत रंगांचे बुश. हा पदार्थही तसा जुनाच. जर्मनीत लेव्हरकुसेनच्या कारखान्यात ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने १९३७मध्ये तो शोधला. त्याचेच फेस करून गाद्या होतात, घट्ट करून चपलांचे तळवे होतात. एमजीबीशीही त्याचं जुनं नातं आहे. १९७४च्या अखेरीला अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांसाठी एमजीबीचे चकचकीत क्रोमचे बंपर गेले आणि काळे, जाड बंपर आले. सगळं जग त्यांना आजही ‘रबर बंपर’ म्हणतं. प्रत्यक्षात ते पॉलियुरेथेनचे होते! त्याच नियमांपायी गाडी सुमारे दीड इंच उंच केली गेली आणि वळणावर ती पहिल्यासारखी राहिली नाही, ही तक्रार एमजीच्या चाहत्यांनी कधी सोडली नाही.

पॉलियुरेथेनचे गुण खरे आहेत. तेलाने ते फुगत नाही. नैसर्गिक रबर फुगतं. हवेतल्या ओझोनने ते तडकत नाही. ते टिकतं. आणि ते कडक असतं. रबराची कडकता मोजण्याचं शोर नावाचं एक परिमाण आहे. साधारण रबरी बुश त्या पट्टीवर ५५ ते ७०च्या दरम्यान असतो, तर पॉलियुरेथेनचे बुश ८०, ९०, रेसिंगचे तर ९५पर्यंत जातात. मी अर्थातच सगळ्यात कडक घेतले. पुढचे दांडे, तुळईच्या गाद्या, मागचे पाटे, सगळीकडे. जितकं कडक तितकं चांगलं, असा माझा साधा हिशेब होता.

त्यानंतरच्या पहिल्याच सहलीत आम्ही दोघं वेल्सच्या डोंगरात गेलो. सपाट, नव्या डांबरावर गाडी खरोखर तलवारीसारखी वळत होती. पण खडबडीत रस्ता लागला आणि प्रत्येक खडा आम्हाला मोजता येऊ लागला. स्टिअरिंग हातात थरथरत होतं. तासाभराने मागून चिमण्या ओरडाव्यात तसा आवाज सुरू झाला. पत्नी म्हणाली, “तुझ्या या गाडीपेक्षा आपल्याकडचा लाल डबा बरा. त्यात निदान शेजारी बसलेल्याशी बोलता तरी येतं.” मी हसण्यावारी नेलं. परतीच्या वाटेवर पाऊस लागला. एका ओल्या, उखडलेल्या वळणावर मागची चाकं रस्त्याला धरून राहण्याऐवजी टणटण उड्या मारत बाहेर सरकली. गाडी कुठे आदळली नाही. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका निवृत्त मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आयुष्यभर याच गाड्यांवर काम केलं होतं. त्यांनी आधी विचारलं, “तुम्ही ही गाडी शर्यतीत पळवता?” मी नाही म्हणालो. “मग हे कुणासाठी बसवलंत?” मी फाटलेल्या रबरी बुशची हकिगत सांगितली. ते म्हणाले, “जुने बुश टाकून दिलेत का?” सुदैवाने ते डब्यात होते. त्यांनी एक उचलून उजेडात धरला आणि विचारलं, “नट कधी आवळलेत? गाडी जॅकवर असताना?”

तिथेच सगळा उलगडा झाला. गाडी जॅकवर घेतली की चाकं खाली लोंबतात आणि दांडेही खाली झुकतात. त्या अवस्थेत नट आवळला तर रबराची आतली नळी त्याच स्थितीत पक्की होते. मग गाडी जमिनीवर उतरवली की दांडा वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी उभी असतानासुद्धा. ज्या रबराने मधल्या स्थितीतून थोडं वर, थोडं खाली पिळायचं, ते एकाच दिशेला पिळवटत राहतं आणि फाटतं. नियम असा, की नट आधी हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, ती थोडी हलवून तिच्या नेहमीच्या उंचीवर येऊ द्यायची आणि मगच शेवटचं आवळायचं. रबराचा काही दोष नव्हता. ते मी फाडलं होतं, आणि वर त्यालाच नावं ठेवत होतो.

मग त्यांनी मला त्या मऊपणाचं कामही समजावून सांगितलं. ते मी आज इतिहासाच्या अंगाने तुम्हाला सांगतो. रबर गाडीत आलं ते वंगणाचा त्रास चुकवायला आणि आवाज कमी करायला. पण हळूहळू इंजिनिअर मंडळी त्या रबराच्या ‘देण्याचा’, म्हणजे दाब आल्यावर थोडं मागे सरण्याचा, हिशेबच आखणीत धरू लागली. मिशलॅन कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीला रेडियल टायर बाजारात आणले. ते रस्ता उत्तम धरायचे आणि टिकायचे, पण त्यांच्यातला पोलादी पट्टा कमी वेगात लहानसहान अडथळ्यांवर गाडीला मागे ढकलत असल्यासारखा धक्का द्यायचा. त्यावर उपाय म्हणून चाकाला पुढे-मागे काही मिलिमीटर हलू देणारे रबरी बुश आखले गेले. वळताना आडवं घट्ट, पण पुढे-मागे मऊ.

याचं उत्तम उदाहरण पोर्शे कंपनीने १९७७मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या ९२८ या गाडीत आहे. वेगात वळत असताना चालकाने घाबरून एकदम अॅक्सिलरेटर सोडला, की बहुतेक गाड्यांची मागची चाकं किंचित बाहेरच्या बाजूला वळू पाहतात आणि गाडीचं शेपूट सुटतं. पोर्शेच्या वाइसाख इथल्या इंजिनिअरांनी मागच्या दांड्यांची रचना आणि रबरी सांधा असे जुळवले, की त्याच धक्क्याने चाक किंचित आतल्या बाजूला वळावं आणि गाडी सावरावी. म्हणजे तिथे रबराचा मऊपणा ही चालकाच्या चुकीसाठी ठेवलेली सोय आहे. अशा गाडीत कुणी ‘सुधारणा’ म्हणून सरसकट कडक बुश बसवले, तर तो ती सोयच काढून टाकतो.

माझ्या एमजीबीत इतकं बारकाईचं काही नव्हतं, पण तत्त्व तेच होतं. गाडी एका बाजूला झुकली की मागच्या पाट्यांना त्यांच्या डोळ्यांत थोडा पीळ खावा लागतो. तिथे कडक बुश घातला की पाटा अडकतो, नको तितका ताठ होतो आणि ओल्या, उखडलेल्या रस्त्यावर चाक जमीन सोडतं. वेल्समध्ये माझं तेच झालं होतं. त्या चिमण्यांच्या आवाजाचं कारण तर त्याहून गमतीचं होतं. पॉलियुरेथेनचा बुश बहुधा नळीला चिकटवलेला नसतो. तो तिच्याभोवती फिरतो. फिरणार म्हणजे घासणार, आणि घासणार म्हणजे ग्रीस हवं. ज्या ग्रीसच्या पिचकारीतून सुटका व्हावी म्हणून १९२०च्या दशकात रबर आलं, ती पिचकारी मी सत्तर वर्षांनी स्वतःच्या पैशाने परत आणली होती! आणखीही एक गोष्ट त्या गृहस्थांनी दाखवली. जो धक्का रबर पचवत नाही तो नाहीसा होत नाही. तो पुढे जातो, तीस वर्षांच्या जुन्या पत्र्यात, त्याच्या वेल्डिंगमध्ये. बुश दोन तासांत बदलता येतो. बॉडीला तडा गेला तर ते काम दोन तासांचं नसतं.

मग रस्त्यावर चालवायच्या जुन्या स्पोर्ट्स कारला बुश निवडावेत तरी कोणते? आमचं जे ठरलं ते सांगतो. पुढच्या दांड्यांना पुन्हा व्ही-एटचे रबरी बुश, या वेळी नट चाकांवर उभ्या गाडीत आवळलेले. तुळईच्या गाद्या आणि मागचे पाटे, सगळं मूळचं रबर. फक्त वळणावर गाडीचं कलणं रोखणारा जो आडवा पोलादी दांडा असतो, त्याच्या पकडींमध्ये पॉलियुरेथेन ठेवलं, तेही त्यातलं मऊ. तिथे ते शोभतं; कारण त्या दांड्याने लगेच काम सुरू करावं हेच तर आपल्याला हवं असतं. तेलगळतीची जागा असेल तर तिथेही त्याचा उपयोग आहे. शर्यतीच्या गाडीचं गणित वेगळं. तिथे नायलॉनसारख्या कडक प्लॅस्टिकचे बुश, नाहीतर धातूचे गोल सांधे असतात. पण ती गाडी ट्रेलरवरून मैदानात येते, गुळगुळीत रस्त्यावर धावते आणि दर शर्यतीनंतर तिचे सांधे तपासले जातात. तिच्यात बसून कुणी सहलीला जात नाही.

रबर घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. ‘कंपनीचा जुना, न वापरलेला माल’ असं ऐकलं की हौशी माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. पण तीस वर्षं कपाटात पडलेलं रबर न वापरताही म्हातारं होतं. आज नव्याने तयार होणाऱ्या रबराचा दर्जाही सगळीकडे सारखा नसतो. त्यामुळे कधी कधी चांगला, मऊ पॉलियुरेथेन बुश हा वाईट रबरापेक्षा बरा ठरतो, हेही मान्य करायला हवं. दोन्ही बाजूंचे बुश जोडीने बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. काम झाल्यावर चाकांची दिशा तपासून घ्यावी. जुना बुश जाळून काढू नये, त्याचा धूर विषारी असतो. कापून, दाबून काढावा. आणि सगळ्यात आधी, मूळचा बुश का गेला, हे शोधावं. ते न कळता नवा घातला तर तोही त्याच वाटेने जातो.

ब्रिटनमध्ये १९६०पासून जुन्या गाड्यांची दरवर्षी सक्तीची तपासणी होत आली. तपासनीस पहार घालून एकेक सांधा हलवून बघायचा. मे २०१८पासून तिथे चाळीस वर्षांहून जुन्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट मिळाली. शेवटची एमजीबी अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९८०मध्ये बाहेर पडली, म्हणजे मूळ रूपात राखलेल्या एमजीबी आता या सुटीत बसतात. कायद्याने पहार खाली ठेवली. आता ती मालकाने उचलायची आहे, कारण ओल्या वळणावर समोरून येणाऱ्या माणसाला ही सूट मिळालेली नसते.

भारतात परतायची वेळ आली तेव्हा मी ती गाडी एका तरुण जोडप्याला विकली. त्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, “यात कडक बुश घालता येतील का?” मी त्याला गाडीची किल्ली दिली आणि सांगितलं, आधी एक चक्कर मारून ये, खराब रस्त्याने जा. तो अर्ध्या तासाने परत आला आणि पुन्हा तो प्रश्न त्याने काढला नाही. गाडीच्या कप्प्यात मी एक कागद ठेवला होता. त्यावर कोणता बुश कधी बदलला याच्या तारखा होत्या आणि खाली मोठ्या अक्षरात एक ओळ: नट आवळण्याआधी गाडी चाकांवर उतरवा.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)